डाव्या कडेची खाच

"होडी आहे की झाड?"

ठोसरकाकांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं. माझ्या एका पायात अजून चप्पल होती. निंबघाटच्या माध्यमिक शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता, आणि भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले हे मोजणीदार शाळेच्या फाटकापाशी मला गाठून जवळजवळ पकडूनच घरी घेऊन आले होते. बसा नाही, पाणी नाही, थेट प्रश्न.

"नीट बघा, गुरुजी. घाई नाही. तुम्ही चित्रकलेचे. तुम्हाला कुणी काही सांगितलेलं नाही, म्हणून तुमच्या डोळ्यांना किंमत आहे."

नाणं शिशाचं होतं, काळपट, जुन्या आठ आण्याएवढं. उजवी अर्धी बाजू झिजून सपाट झालेली. डाव्या बाजूला एक उभी रेघ, तिला वरून येऊन मिळणाऱ्या दोन तिरक्या रेघा आणि तळाशी एक आडवी तिरपी रेघ. डाव्या कडेला छोटी खाच होती. आत काय धातू आहे ते पाहायला कधीकाळी कुणीतरी छिन्नी मारली असणार. मी नाण्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. साठीचा उंच, वाळका माणूस श्वास धरून उभा होता.

"होडी," मी म्हणालो.

काका बसले. मागे खुर्ची आहे की नाही हे न बघताच बसले; सुदैवाने ती होती. मग स्वतः आत जाऊन त्यांनी चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरले. मीही तो गोड असल्यासारखा प्यायलो.

त्या दिवसापासून सहा वर्षं मी त्यांच्या घरचाच होतो. पहिल्या वर्षी मी 'गुरुजी' होतो, दुसऱ्या वर्षापासून 'अरे खैरे'. काकू कधीच वारलेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. घरात मोजणीची जुनी साखळी, नकाशांच्या गुंडाळ्या आणि नाणी. नाणीही त्यांनी खात्याच्या शिस्तीने लावली होती : राजा कोण, साल कोणतं हे नंतर, आधी कुठल्या सर्व्हे नंबरात सापडलं ते. "राजा चुकू शकतो," ते म्हणायचे, "जमीन जागची हलत नाही."

गावाबाहेर नदीकाठी पांढऱ्या मातीचं मोठं टेकाड आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती तिथे गाडली गेली आहे, आणि गाव तिला नुसतं 'पांढर' म्हणतं. नोकरीत असताना त्या पांढरीची मोजणी करतानाच काकांच्या बुटाखाली हे नाणं आलं होतं. त्यावर शिडाची होडी आहे, असं त्यांचं म्हणणं. उभी रेघ म्हणजे डोलकाठी, तिरक्या रेघा म्हणजे दोर, खालची तिरपी रेघ म्हणजे सुकाणूचं वल्हं. इथल्या कुठल्यातरी लहानशा सरदाराने स्वतःचं नाणं पाडलं आणि त्यावर होडी घातली, कारण हा घाट म्हणजे बंदर होतं. इथून माल थेट पूर्वेच्या समुद्रापर्यंत उतरत होता. आणि आज एसटीसुद्धा दिवसातून दोनदाच येणाऱ्या निंबघाटला तेव्हा जगात पत होती.

जाणकारांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणत, हे कठड्यातलं झाड, म्हणजे भोवती कुंपण घातलेलं पवित्र झाड. उभी रेघ खोड, तिरक्या रेघा फांद्या, खालची रेघ मोडक्या कठड्याची. असं झाड त्या काळच्या शेकडो नाण्यांवर असतं. उजवी बाजू झिजलेली, त्यामुळे भांडण मिटायला काही मार्गच नव्हता. मार्ग एकच : दुसरं नाणं सापडायला हवं, उजवी बाजू शाबूत असलेलं.

"झाड सगळीकडे असतं रे," काका म्हणायचे. "होडी फक्त आपल्याकडे असेल."

माझं काम चित्र काढण्याचं. असली नाणी फोटोत नुसता काळा डाग होऊन येतात. रेघ दिसायची तर हातानेच काढावी लागते, चौपट मोठी, ठिपक्याठिपक्यांनी सावली भरत. त्या एका नाण्याची मी सहा वर्षांत पन्नासेक चित्रं काढली असतील. शेवटी शेवटी तर नाणं समोर न ठेवताही काढू शकायचो, खाचेसकट. माझ्या हाताचा मला गर्व होता, आणि चेहरे वाचता येतात याचाही. माणसाच्या मनात काय आहे ते मला त्याच्या भुवयांवरून कळतं, असं मी स्टाफरूममध्ये पैजेवर दाखवत असे.

काका पुण्याच्या डॉ. सुलभा रायकर यांना पत्रं लिहीत. नाण्यांच्या अभ्यासात त्या बाईंचा शब्द प्रमाण मानला जाई. प्रत्येक पत्रात काकांचं एक वाक्य ठरलेलं असे : 'येथील चित्रकला शिक्षक श्री. खैरे यांनी कोणतीही पूर्वकल्पना नसताना पाहताक्षणी होडी ओळखली.' हे वाक्य लिहून झालं की ते माझ्याकडे बघून हसत. बाईंची उत्तरं सभ्य आणि कोरडी असत. शेवटच्या उत्तरात त्यांनी लिहिलं होतं : 'श्री. खैरे यांच्या नजरेबद्दल मला आदर आहे, आणि आपल्या बाजूने तेवढी एकच गोष्ट मला विचारात घ्यावीशी वाटते. पण मला अजूनही झाडच दिसते. उजवी बाजू शाबूत असलेला दुसरा नमुना मिळाला, तर मी स्वतः निंबघाटला येईन.'

ते पत्र आलं तेव्हा काकांना ते भिंगातूनही पुरतं वाचता आलं नाही. काचबिंदू. उजव्या डोळ्याचं तेज कधीच गेलं होतं, डावा चालला होता.

"मरायचं काही नाही रे," ते म्हणाले. "पण डोळे आहेत तोवर एकदा कळायला हवं. झाड असलं तर झाड. पण बघून कळायला हवं. कुणी सांगून नको."

दुसरं नाणं आलं तर ते हौसाकडूनच येणार होतं. हौसा झारेकरी. सोनारांच्या दुकानापुढची धूळ आणि नदीचा गाळ पाटीत घालून धुवायचा आणि त्यातले सोन्याचे कण वेचायचे, हा त्या लोकांचा पिढीजात धंदा. पांढरीच्या पायथ्याशी गाळ धुताना तिला नाणी सापडत, आणि सोमवारी बाजाराच्या दिवशी ती डबा घेऊन काकांच्या ओट्यावर येऊन बसे. चाळिशीची, सावळी, बोलायला सडेतोड बाई होती. काकांनी तिला ते नाणं इतक्या वेळा दाखवलं होतं, की एकदा ती वैतागून म्हणाली होती, "काका, माज्या सपनात बी येतंय आता ह्ये. पर सपनात बी अर्धंच येतंय."

काकांचा नियम कडक होता. हौसाने आणलेलं काहीही नाकारायचं नाही. शिशाचा गोळा दिसला तरी ठेवायचा. आणि अगदी परत द्यायचंच झालं, तर आधी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद नाण्यावर दाबून त्याचा ठसा घ्यायचा. एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक. मग नाणं कुठेही गेलं तरी ठसा आपल्याकडे राहतो. काका स्वतः सिगारेट ओढत नसत. पानटपरीवाला त्यांच्यासाठी रिकामी पाकिटं जमवून ठेवायचा आणि गावात त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची.

गणपती उठल्यावर काका डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी औरंगाबादला पुतण्याकडे गेले. तीन आठवड्यांसाठी. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "तीन सोमवार आहेत. हौसाला परत पाठवू नकोस."

पहिल्या सोमवारी ती आली नाही. दुसऱ्या सोमवारी आली तेव्हा मी ओट्यावर बसून मुलांच्या चित्रांच्या गठ्ठ्यात बुडालो होतो. ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि अडतीस मुलांनी अडतीस वाकड्या सुरया काढल्या होत्या. हौसाने डबा उपडा केला. चार चांदीची नाणी होती, लहान, पण त्यांवर राजाचा चेहरा इतका सुरेख, की मिशीचा वळसासुद्धा मोजता यावा. माझा जीव त्यांच्यावरच बसला. बाकी शिशाची दहा-अकरा ढेकळं, चिखलासकट.

"ही चार ठेवतो," मी म्हणालो. "ह्या बाकीच्यांचं काय करायचं? यांत काही काढण्यासारखंच नाही."

"काका समदं ठेवून घेत्यात."

"काका आले की बघू. घर आधीच भरलंय."

"मंग सुपडू भोयाला देऊ का? त्यो जाळ्याला लावाया शिसं मागतोय कवाधरनं." ती माझ्याकडे बघत राहिली. "चांदीच्या कागदाचं काय ते करनार न्हाई का?"

पाकिटांची चळत कोनाड्यातच होती. हात लांबवला असता तर लागली असती. एकेक ढेकूळ धुऊन दोन-दोन ठसे घ्यायचे म्हणजे तासभर गेला असता.

"राहू दे," मी म्हणालो. "दे सुपडूला."

तिने डबा भरला आणि गेली. मी पुन्हा सुरयांकडे वळलो.

काका दसऱ्यानंतर परतले. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, ती दोन दिवसांनी निघाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत थोडं दिसेल, पुढचं सांगता येत नाही. एसटीतून उतरल्यावर त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि पहिला प्रश्न विचारला.

"हौसानं काय आणलं?"

"चांदीची चार. फार सुंदर आहेत, काका. क्षत्रपांची."

"आणि शिसं?"

थकलेला चेहरा होता. प्रवासाने सुजलेला. त्यावर पुन्हा काही टाकायचं मला नको वाटलं, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो.

"शिसं नव्हतं," मी म्हणालो.

"असो," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले.

दिवाळीला आठ दिवस उरले होते. सोमवार होता, शाळा सुटलेली होती, आणि काका खिडकीपाशी भिंग घेऊन बसले होते. हौसा धावतच आली. एरवी ती ओट्यावर बसून हाक मारायची. त्या दिवशी थेट आत आली.

"काका, बगा. बगा तर काय घावलंय."

तिच्या हातात मासे पकडायच्या जाळ्याचा वीतभर तुकडा होता, दोरासकट. दोरावर शिशाचं एक वजन वळवून घट्ट ठोकलेलं होतं.

"सुपडूच्या दारात जाळं वाळत व्हतं," ती म्हणाली. "माजी नजर गेली न् काळजात धस्स झालं. ही रेघ बगा. ह्या दोन बगा. आन् ही खालची. आपलंच हाय, काका. मी दोर कापूनच आनला, त्यो बोंबलत बसलाय तिकडं."

काकांनी वजन बोटांनी चाचपलं. मग मला म्हणाले, "खैरे, पक्कड. हळू."

मी शिसं उलगडलं. मऊ धातू, सहज उलगडला. सुपडूने काय केलं होतं ते स्पष्ट दिसत होतं. नाण्याची एक बाजू त्याने हातोडीने ठोकून पातळ, लांब केली होती, म्हणजे ती दोराभोवती गुंडाळता यावी. दुसरी बाजू त्याला लागली नव्हती, ती तशीच राहिली होती. आणि तशी राहिलेली ती बाजू डावी होती. उभी रेघ, दोन तिरक्या रेघा, तळाशी तिरपी रेघ. आम्हाला पाठ असलेलं सगळं. उजवीकडे हातोडीचे घाव होते आणि सुताचा वळ उमटला होता.

काका भिंग लावून किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही. भिंग आधी डाव्या बाजूवर, मग उजवीवर, मग पुन्हा डावीवर. पुढे त्यांनी भिंग ठेवून दिलं आणि उजव्या बाजूवरून अंगठा फिरवायला लागले, जणू खाली काही उरलं असेल तर ते अंगठ्याला तरी लागेल.

"ठोकायच्या आधी चांगलं असणार," ते म्हणाले. "डावी बाजू इतकी स्वच्छ आहे, म्हणजे उजवीही असणार. हौसा, हे सुपडूकडे कसं गेलं?"

"म्यांच दिलं की. त्या डब्यातलं, गुर्जींनी माघारी दिल्यालं. तुमी औरंगाबादेला व्हता तवाचं."

ती अगदी सरळ म्हणाली. तिला त्यात काही लपवण्यासारखं वाटलंच नव्हतं. काकांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना मी किती दिसत होतो कोण जाणे, मला मात्र ते पुरेपूर दिसत होते.

"ठसे?" त्यांनी विचारलं.

"घेतले नाहीत."

"का?"

अडतीस सुरया हे काही उत्तर होत नाही. हौसाच्या आत्ता लक्षात आलं की काय झालंय, आणि ती हळूच उठून ओट्यावर जाऊन बसली.

मी बोलणी खायला तयार होतो. खरं तर मला ती हवी होती. पण काका ओरडले नाहीत. त्यांनी खिडकीतला कागदाचा ठोकळा आणि माझी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

"तू पाहिलं होतंस ना? परत देण्याआधी?"

"हो."

"नीट पाहिलंस?"

त्यांचा चेहरा पहिल्या दिवसासारखा झाला होता. तोच श्वास धरलेला.

"हो, काका."

"मग काढ," ते म्हणाले. "नाणं गेलं, ठसा गेला, पण तुझी नजर आहे. रायकरबाईसुद्धा मानतात तिला. डोळ्यांसमोर जसं आलं होतं तसं काढ. अर्धं नको, सगळं काढ. जेवढं आठवतंय तेवढंच. नाही आठवलं तिथं कोरं सोड."

मी पेन्सिल हातात घेतली. मला काय आठवत होतं? चांदीच्या नाण्यावरची मिशी आठवत होती. डब्यातला चिखल आठवत होता. त्या ढेकळांतल्या एकाकडेही मी पाहिलं नव्हतं. काढण्यासारखं काही नाही, असं म्हणून मी ती नजरेनेच ढकलून दिली होती.

कागद कोरा देणं एवढंच हातात होतं. तेवढं केलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण हा माणूस सात-आठ दिवसांत आंधळा होणार होता. होडी पाहायला त्याच्यापाशी अर्धा डोळा उरला होता आणि माझ्यापाशी अख्खा हात होता. मी होडी काढली. आयुष्यात इतकं चांगलं चित्र मी काढलं नसेल. डोलकाठी, दोर, वल्हं, उजवीकडे उचललेला नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा बाक, खाली पाण्याच्या तीन लाटा. जरा झिजलीही दाखवली, खरी वाटावी म्हणून. ठिपक्यांनी सावली भरली. अर्धा तास लागला. तेवढा वेळ काका हलले नाहीत.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाला धरला, भिंग लावलं आणि उजव्या बाजूपासून बघायला सुरुवात केली. नाळ बघितली. लाटा बघितल्या. त्यांच्या तोंडावर जे उमटलं, ते पाहून मला वाटलं की मी केलं ते बरोबर केलं. खरंच वाटलं. तेवढा एक क्षण माझा होता.

मग भिंग डावीकडे सरकलं आणि कडेपाशी थांबलं.

काकांनी कागद मांडीवर ठेवला. तो जाळ्यातला शिशाचा तुकडा उचलला आणि त्याच्या डाव्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग डबीतलं स्वतःचं जुनं नाणं काढून त्याच्या डाव्या कडेवरून फिरवला.

"खैरे," ते म्हणाले, "ही खाच माझ्या नाण्याला आहे. हौसानं आणलेल्याला नाही. कड गुळगुळीत आहे त्याची."

मी कागदाकडे पाहिलं. खाच होती. डाव्या कडेला, जिथे नेहमी असते तिथे, नीट छाया देऊन काढलेली. पन्नास वेळा काढलेली खाच एक्कावन्नाव्या वेळी हाताने आपोआप काढली होती. मला कळलंसुद्धा नव्हतं.

"तू दुसरं नाणं पाहिलंच नाहीस," काका म्हणाले.

"नाही."

"हे माझंच काढलंस. आणि उजवीकडे मला हवं ते."

ओट्यावर हौसा पदराने पाय पुसत बसली होती, ते आतून दिसत होतं. काका खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे चेहरा तिकडे होता.

"एक विचारतो," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी, चप्पल काढायच्या आधी, तू होडी म्हणालास. तेव्हा तुला दिसली होती?"

सहा वर्षं ज्यावर हा माणूस उभा होता, ते हे होतं. रायकरबाईंना विचारात घ्यावीशी वाटलेली एकच गोष्ट. मला त्या दिवशी नाण्यावर चार रेघा दिसल्या होत्या, आणि त्यांच्या भुवयांवरून कळलं होतं की त्यांना काय ऐकायचं आहे. नवीन गाव होतं, कुणी ओळखीचं नव्हतं, मला एक घर हवं होतं.

"नाही," मी म्हणालो. "तुमच्याकडे बघून म्हणालो."

काकांनी मान हलवली. जुनं नाणं आणि शिशाचा तुकडा एकाच डबीत ठेवून त्यांनी झाकण लावलं. मग ते बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता, ऑफिसात कुणाला मोजणीची तारीख द्यावी तसा.

"गुरुजी, कागद घ्या. मला आता लिहिता येत नाही. रायकरबाईंना पत्र आहे, मी सांगतो ते लिहा."

'अरे खैरे' संपलं ते तिथे. मी कोरा कागद घेतला.

"लिहा. स. न. वि. वि. दुसरा नमुना मिळाला. सर्व्हे नंबर एकशे बाराच्या नदीकडील पायथ्याशी. डावी बाजू स्पष्ट, उजवी नष्ट झालेली आहे. त्यामुळे होडी की झाड, हे सांगता येत नाही. पुढच्या ओळीवर या. माझ्या यापूर्वीच्या सर्व पत्रांतून श्री. खैरे यांचे मत कृपया वगळावे."

माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. ते वाक्यही मी चांगल्या अक्षरात लिहिलं.

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. माझ्या नावापाशी आवाज अडखळला, तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा वाचा. नीट ऐकू आलं नाही." मी पुन्हा वाचलं. त्यांनी सही केली, ती ओळ सोडून खाली गेली.

पत्र घेऊन मी बाहेर पडलो. हौसाने मला वाट द्यायला पाय आवरले. "गुर्जी," ती हळूच म्हणाली, "म्यां इचारलं व्हतं तुमास्नी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी पत्र पेटीत टाकलं. रायकरबाई आल्या नाहीत. यायचं कारणच राहिलं नव्हतं.

पौष संपायच्या आत काकांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर ते चार वर्षं जगले. हौसा दर सोमवारी येत राहिली आणि डबा थेट त्यांच्या हातात देत राहिली. ते अंगठ्याने एकेक नाणं चाचपून ठेवत. होडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीही जात होतो. चहा मिळायचा, साखर घातलेला. "या गुरुजी, बसा," ते म्हणायचे. चार वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून 'तू' आलं नाही. ते गेल्यावर घरात ते चित्र मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

त्यांच्या पुतण्याने सगळी नाणी जिल्ह्याच्या संग्रहालयाला दिली. मांडणी करायची होती, पाट्या लिहायच्या होत्या, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून संग्रहालयाने मला बोलावलं. यादी रायकरबाईंनी पाहून पाठवली होती. एकेक पाटी लिहीत मी एकशे बारा नंबरावर आलो. दोन नमुने, शिसे. पुढे बाईंनी टाइप केलं होतं : 'कठड्यातील वृक्ष', आणि त्यापुढे स्वतःच्या हाताने, शाईने, एक प्रश्नचिन्ह घातलं होतं. काकांच्या आयुष्यभराच्या वादातून तेवढंच वाचलं होतं. मी ते पाटीवर काळजीपूर्वक काढलं.

संग्रहालयाचा तरुण अधिकारी पाट्या तपासत आला. त्या पाटीपाशी थांबला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"गुरुजी, हे चिन्ह चुकून राहिलं का? लोक विचारत बसतात हो, हे काय, ते काय. आपल्यालाच माहीत नाही असं वाटतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. भला मुलगा होता. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं आणि त्याला सगळं नीटनेटकं हवं होतं, ते त्याच्या भुवयांवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"हो, चुकून राहिलं," मी म्हणालो, आणि पाटी नवीन लिहून दिली.